शेपटाची तार

कारभारी ओव्हाळ बीडच्या एसटी डेपोत ब्रेक फिटर होते. मांजरसुंब्याचा घाट उतरणारे ड्रायव्हर गाडी काढण्याआधी एकच विचारायचे, कारभारींनी बघितली का? बघितली म्हटलं की निर्धास्त चढायचे. कारभारींना त्याचा अभिमान होता. बोलून दाखवायचे नाहीत, पण त्यांच्या बायकोला, दगडाबाईला, तो ठाऊक होता. निवृत्त होऊन ते लिंबागणेशला घरी आले तेव्हा त्यांना हलकं वाटलं होतं. आता आपल्या हातावर कुणाचा जीव नाही.

घरात मुलगी पंचशीला होती. नांदूरघाटच्या एका ज्युनिअर कॉलेजात ती फिजिक्स शिकवायची, रोज स्कुटीवरून जायची यायची. आणि शेजारच्या घरात कारभारींची धाकटी बहीण बायनाबाई आणि तिचा मुलगा पवन. बायनाबाईचा नवरा लवकर गेला, तेव्हापासून कारभारींनी तिला आपल्याजवळच आणून ठेवलं होतं. पवन मामाच्या खांद्यावर बसून मोठा झाला. पुढे आयटीआय करून तो डोंगरावरच्या पवनचक्क्यांवर टेक्निशियन म्हणून लागला. चक्कीच्या मनोऱ्यावर तो रोज चढायचा. तिथून घारी खाली दिसतात, पाठीकडून. एकदा जेवताना त्यानं पंचशीलाला विचारलं, ताई, घार पंख हलवीत न्हाई, तरी वर वर कशी जाती?

पंचशीलानं त्याला वाऱ्याचं गणित समजावून सांगितलं. पण नुसत्या गणितावर ती थांबणारी नव्हती. माणसानं आधी पक्ष्यासारखे पंख हलवून बघितले, मनोऱ्यांवरून उड्या मारल्या, हाडं मोडून घेतली, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हलवायचं नाही, नुसतं तरंगायचं. हे ती इतक्या रंगून सांगायची की दगडाबाईची भाकरी तव्यावर करपायची. अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरची गोष्ट कारभारींना फार आवडली. शानूत त्याचं नाव. आयुष्यभर रेल्वेचे पूल बांधले आणि साठी उलटल्यावर उडायचं खूळ घेतलं. पुलाला जशा आडव्यातिडव्या तारा ताणतात तशाच त्यानं एकावर एक दोन पंखांमध्ये ताणल्या, आणि तळ्याकाठच्या वाळूच्या टेकड्यांवरून ते यंत्र उडवलं. इंजिन नाही, काही नाही. मधोमध काखेत दांड्या धरून माणूस लटकायचा आणि उताराला पळत सुटायचा. पुढे राइट बंधूंनी तारांची हीच मांडणी उचलली.

"म्हंजी पुलावाल्याचं डोकं," कारभारी म्हणाले. त्यांना ते पटलं. तार, पेच, ताण, हे त्यांच्या ओळखीचं होतं.

तसंच एक यंत्र आपण करायचं, असं पंचशीला आणि पवननं ठरवलं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांबू आले, ॲल्युमिनियमचे पाइप आले. दगडाबाईनं पंखांचं कापड शिवणयंत्रावर शिवलं, दुहेरी टीप घालून. गावात काही जण हसले. आता हे उडायला निघाले, असं पारावर कुणीतरी म्हणाल्याचं पवनच्या कानावर आलं. पण डोंगराच्या पायथ्याचा मुरमाड उतार ज्यांचा होता ते गहिनीनाथ पाटील स्वतः शेडमध्ये येऊन बघून गेले आणि म्हणाले, तिथं माझं काही पिकत न्हाई, तुमी उडा.

पहिल्या पहिल्या उड्या जेमतेम होत्या. पाय जमिनीवरून सुटायचे, गुडघाभर उंचीवरून बैलगाडीइतकं अंतर जाऊन परत टेकायचे. कधी पवन, कधी पंचशीला. हळूहळू उंची कमरेएवढी झाली, मग डोक्याएवढी. प्रत्येक वेळी उडण्याआधी कारभारी यंत्राभोवती एक फेरी मारायचे. एकेका तारेला बोटानं छेडायचे, ती ताणून धरणारे पेच बघायचे, पेच आपोआप फिरू नये म्हणून त्यात ओवलेली बारीक तार बघायचे. मग मान हलवायचे. त्यांनी मान हलवल्याशिवाय दोघांपैकी कुणी दांड्या धरत नव्हतं. तो नियम पवननंच घातला होता.

पावसाळा संपल्यावर पंचशीला म्हणाली, आता वरच्या धारेवरून. धार म्हणजे उताराचा माथा. तिथं वारा डोंगराला आपटून वर चढतो, आणि घारी तिथंच फिरतात. खालून एक ओढा जातो, त्याच्या काठाला काळे दगड आहेत. रविवारी सकाळी पहिली उडी पंचशीला घेणार, असं ठरलं.

त्या आठवड्यात जेवताना तिनं लिलियेन्थालची गोष्ट सांगितली. जर्मनीतला इंजिनिअर. त्यानं उडण्यासाठी स्वतःची टेकडी रचून घेतली होती. जवळजवळ दोन हजार वेळा उडाला. राइट बंधूंना उडायचं वेड लागलं ते त्याच्याच बातम्या वाचून. एके दिवशी वाऱ्याच्या झोतात यंत्राचं नाक वर गेलं, तो पडला, मणका मोडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. पंचशीला हे मोठ्या आदरानं सांगत होती. दोन हजार वेळा, आबा, असं ती पुन्हा म्हणाली. कारभारींना मात्र त्यातलं एकच ऐकू आलं. इतक्यांदा उडालेला, इतका जाणता माणूस, आणि एका झोतात मेला.

त्यांनी पंचशीलाला दोनदा सांगून पाहिलं. पहिल्यांदा हसत, दुसऱ्यांदा रागानं. ती म्हणाली, तारा तुमी बघता, मग मला कशाची भीती? दगडाबाईला सांगितलं तर ती म्हणाली, पोरगी एवढी शिकली ती घरात बसवायला का? गुरुवारपासून कारभारींनी डोळे मिटले की ओढ्याच्या काठचे दगड दिसायचे.

शनिवारी दिवेलागणीला ते एकटे शेडमध्ये गेले. यंत्राच्या मागे शेपूट होतं, चार तारांनी ताणून धरलेलं. वरच्या तारेच्या पेचातली ओवलेली बारीक तार त्यांनी काढली आणि पेच उलटा फिरवला. एक फेरा, मग आणखी. पाच-सहा फेरे झाले. डोळ्याला काही दिसत नव्हतं, हाताला मात्र कळलं असतं. त्यांनी मनात सगळं रचलं होतं. सकाळी नेहमीसारखी फेरी मारायची, तार छेडायची, ती ढिली लागते हे पोरांनाही हात लावून बघू द्यायचं, आणि सगळ्यांसमोर म्हणायचं की सांगाडाच ताण धरीत नाही, हे वर गेल्यावर निखळून पडेल. आपलं म्हणणं कुणी मोडणार नाही. महिना-दोन महिने काम लांबेल. तोवर वारा बदलेल, कॉलेजच्या परीक्षा येतील, पोरीचं मन दुसरीकडं लागेल. बारीक तार त्यांनी खिशात घातली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चांगला पेच ढिला केला होता. शेडमधून बाहेर पडताना त्यांना स्वतःच्या हातांची लाज वाटली, पण मनावरचं ओझंही उतरलं होतं.

रविवारी सकाळी विहारात सामुदायिक वंदना असते. कारभारी कधी चुकवत नाहीत. वंदना आटोपून धारेवर जायचं त्यांच्या डोक्यात होतं. सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना, खोटं बोलणार नाही या ओळीशी त्यांचा आवाज अडला. शेजारच्या माणसानं वळून बघितलं. त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं.

इकडे पवन लवकर उठला होता. वारा बघूनच त्याला राहवेना. आज वारा धारेवर सरळ चढतोय, तासाभरात ऊन तापलं की बिघडेल, असं तो दगडाबाईला म्हणाला. मग त्यानं विचारलं, मामानं तारा बघितल्या का? दगडाबाई म्हणाली, बघितल्या असतील, काल दिवेलागणीला कितीतरी वेळ शेडातच व्हते. पवनला तेवढं पुरलं. पंचशीला आणि त्यानं मिळून यंत्र टेंपोत घालून वर नेलं. वर गेल्यावर वारा जरा जोराचा निघाला. पवन तिच्यापेक्षा वजनानं जड. तो म्हणाला, ताई, आधी मी जातो, वारा कसा हाय बघतो, मग तू.

कारभारी विहारातून निघून डोंगराच्या रस्त्याला लागले होते. वळणावर त्यांनी वर बघितलं आणि त्यांचे पाय थांबले. धारेच्या वर, आभाळात, पांढरे दोन पंख होते. त्यांच्या मध्ये एक माणूस लटकत होता. इतक्या उंच आजवर कुणी गेलं नव्हतं. पंख हलत नव्हते. वारा त्यांना वर उचलत होता, अलगद, घारीसारखं. कारभारी सगळं विसरले. पेच विसरले, खिशातली तार विसरले. त्यांना वाटलं, आपल्या घरातलं माणूस उडतंय. तोंड उघडं ठेवून ते बघत राहिले.

मग शेपूट डोललं. आधी थोडं, मग जास्त. नाक वर गेलं, एक पंख कलला, आणि सगळं यंत्र तिरपं होऊन ओढ्याच्या दिशेनं खाली आलं. आवाज उशिरा पोचला, बांबू मोडल्याचा.

कारभारी पळाले. त्यांचं वय पळण्याचं नव्हतं. ते पोचले तेव्हा पंचशीला पवनचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. गहिनीनाथ पाटलांचे दोन गडी रानातून धावत आले होते. पवन शुद्धीवर होता, पण कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं. त्याला पंखाच्याच कापडात घेऊन गडी टेंपोकडे निघाले. पंचशीला ओरडून सांगत होती, पाठ हलवू नका, पाठ हलवू नका. क्षणभर मोडक्या यंत्रापाशी कारभारी एकटे होते. शेपूट उलटं पडलं होतं. वरच्या तारेचा पेच उघडा दिसत होता, त्याचे आटे उन्हात चमकत होते.

कारभारी वाकले आणि त्यांनी तो पेच बोटांनी आवळला. आटे दिसेनासे होईपर्यंत आवळला. मग ते टेंपोकडे धावले.

पवनच्या कमरेच्या हाडाचे तुकडे झाले होते, एक मणका चेपला होता. बीडहून त्याला अंबाजोगाईला नेलं. ऑपरेशन झालं. जीव वाचला, एक पाय हळूहळू हलू लागला. दुसऱ्या पायाचं डॉक्टर म्हणाले, बघू. मनोऱ्यावर चढण्याचं काम आता होणार नाही, हे न सांगताच सगळ्यांना कळलं.

शुद्ध नीट आल्यावर पवननं पहिल्यांदा काय विचारलं तर यंत्राचं. राइट बंधूंतल्या धाकट्याची, ऑरव्हिलची, गोष्ट पंचशीलानंच त्याला कधीतरी सांगितली होती. तो विमानासह कोसळला, शेजारी बसलेला अधिकारी गेला, ऑरव्हिल स्वतः पाय आणि बरगड्या मोडून खाटेला खिळला. त्याची बहीण शाळेतली नोकरी सोडून उशाशी बसून राहिली. आणि त्यानं खाटेवर पडल्या पडल्या कारण शोधून काढलं. विमानाला ढकलणारा फिरता पंखा तडकला आणि त्यानं शेपटाची तार तोडली, हे निघालं. पवन म्हणाला, आपण बी कारण काढू. मला शेपूट ढिलं लागलं, ताई. सुटल्यागत डोललं.

पंचशीला घरी गेली, शेडमध्ये आणून टाकलेल्या मोडक्या यंत्राची तार न् तार तपासली आणि मोबाइलवर फोटो काढून आणले. चारही पेच आवळलेले होते. एकातली बारीक तार नव्हती, पण ती पडताना तुटली असेल.

"शेपूट ढिलं नव्हतं, पवन," ती म्हणाली. "तुला तसं वाटलं असंल. माझाच आकार चुकला. मी शानूतच्या शेपटापेक्षा लहान केलं व्हतं, वजन वाचवायला. झोताला ते पुरलं न्हाई."

पवन बराच वेळ फोटोकडे बघत राहिला. मग म्हणाला, असंल बाई, पडताना माणसाला काय कळतंय. कारभारी खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसले होते. पोराला त्याच्या अंगानं जे खरं सांगितलं होतं ते त्यानं त्यांच्यासमोर सोडून दिलं, आणि ते गप्प बसले. फळं आणतो म्हणून बाहेर आले आणि जिन्यात बसून राहिले.

त्यानंतर घरात जो तो अपराध आपल्याकडे ओढू लागला. दगडाबाईनं पंखांच्या कापडाच्या शिवणी उसवून उसवून बघितल्या. एके ठिकाणी टीप सुटलेली दिसली तेव्हा ती मशीनवर डोकं ठेवून रडली. कारभारींनी तिला सांगितलं, तुझी टीप न्हाई गं. ती म्हणाली, तुमाला कसं ठावं? ते उठून ओट्यावर गेले. पंचशीला बायनाबाईच्या पाया पडली. बायनाबाईनं पाय मागं घेतले. तुझ्या हौसेपायी, एवढंच ती म्हणाली, आणि तेव्हापासून तिनं भाचीशी बोलणं टाकलं. पंचशीला समोरून आली की ती पदर ओढून घरात जायची. कारभारी हे ओट्यावरून बघायचे. बहीण त्यांच्याशी मात्र पूर्वीसारखीच बोलायची. त्यांना चहा आणून द्यायची. दादा, तुमी खचू नका, म्हणायची.

ती बारीक तार अजून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती. एकदा ओढ्यात टाकायला म्हणून गेले आणि तशीच घेऊन परत आले.

डिसेंबरच्या एका रविवारी दुपारी पंचशीला शेडमध्ये मोडक्या बांबूंचे तुकडे करत होती. चुलीला घालायला. कारभारी तिथं जाऊन बसले. त्यांनी विचारलं, परत करायचं न्हाई का? ती म्हणाली, नाही. पुण्याचा एक जण असंच जुनं यंत्र बनवतोय, त्यानं फोनवर विचारलं होतं तुमचं कशानं पडलं. त्याला सांगितलं, शेपूट लहान झालं, तुम्ही मोठं करा.

"त्यानं केलं मोठं?" कारभारींनी विचारलं.

"करतोय. वजन वाढंल, पर काय करणार. आजवर जो जो पडला, आबा, त्याच्या पडण्यातून पुढच्याला कारण कळलं. म्हणून पुढचा उडाला. कारण खोटं निघालं तर पुढचाबी पडतो." ती कोयत्यानं बांबू तोडत राहिली. "म्हणून मला भ्या वाटतं. माझं कारण खरं हाय का, ह्याचंच मला भ्या वाटतं."

कारभारी उठून शेडच्या दारापर्यंत गेले. बाहेर दगडाबाई धुणं वाळत घालत होती. ते परत आत आले.

"पंचू," ते म्हणाले, "शेपटाची वरची तार मी ढिली केलती."

तिला आधी कळलंच नाही. "कवा?"

"आदल्या दिवशी. दिवेलागणीला."

"चुकून?"

"न्हाई."

तिनं कोयता खाली ठेवला. मग तिनं विचारायला सुरुवात केली, वर्गात विचारावं तसं. किती फेरे? ओवलेली तार कुठंय? कारभारींनी ती खिशातून काढून तिच्या हातावर ठेवली. त्यांनी सगळं सांगितलं. लिलियेन्थाल, दगड, सकाळी आपण काय बोलणार होतो ते. पंचशीला उठून शेपटाजवळ गेली. तिनं तो पेच हातात घेतला.

"मग हा आवळलेला कसा?"

कारभारींनी दाराकडं बघितलं.

"आबा, हा आवळलेला कसा?"

"पडल्यावर म्याच आवळला. तुमी पवनला उचलत व्हते तवा."

तेव्हा ती खाली बसली. बाहेर धुणं झटकल्याचा आवाज येत होता.

"ढिली केली ते कळतं मला," ती शेवटी म्हणाली. "माझ्यासाठी भ्यायला तुमी. पर परत आवळली कावून?"

"सोतासाठी भ्यालो म्हणून."

"पवन म्हणाला व्हता, शेपूट ढिलं व्हतं. मी त्याला खोटं पाडलं. तुमी तिथंच बसले व्हते."

"हो."

तिनं डोळे पुसले नाहीत. ती म्हणाली, आत्याला तुमीच सांगायचं. आजच. मी संगं येणार न्हाई.

कारभारी आधी दगडाबाईला बोलले. तिनं ओलं लुगडं तसंच हातात धरून ऐकलं. शेवटी एवढंच म्हणाली की पवनला मी सांगितलं, तुमी तारा बघितल्या असतील म्हणून. माझ्या तोंडून त्याला वर धाडलं तुमी. मग ती उरलेलं धुणं वाळत घालू लागली.

बायनाबाई तुरी निवडत बसली होती. आतल्या खोलीत पवनची खाट होती, दार उघडं होतं. कारभारी उंबऱ्याच्या आत आले नाहीत. बाहेर उभे राहूनच त्यांनी सांगितलं, आतल्या खाटेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. मध्येच बायनाबाईचा हात सुपात थांबला. सांगून झाल्यावर ती भावाच्या तोंडाकडे बघत राहिली. ती किंचाळेल, शिव्या देईल, असं कारभारींना वाटलं होतं. तसं काही तिनं केलं नाही.

"दादा, त्याला बाप न्हाई म्हणून मी तुमच्या पदरात टाकला व्हता," ती म्हणाली.

ती उठली, त्यांच्या बाजूनं निघून बाहेर गेली आणि थेट शेडकडे चालू लागली. थोड्या वेळानं ती पंचशीलाला हाताला धरून घेऊन आली. पोरीनं मान वर केली नव्हती. बायनाबाईनं तिला आपल्या घरात नेलं. कारभारी दारात उभे होते तसेच राहिले. आतून पवनचा आवाज आला, मामा, तुमी जा आता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठाण्यात जाऊन जबाब दिला. पंचनाम्यात अपघात असं लिहिलेलं होतं. पुढं काय करायचं ते वरून कळेल, असं त्यांना सांगण्यात आलं. गहिनीनाथ पाटलांच्या वाटेवर ते स्वतः जाऊन उभे राहिले आणि तुमच्या जमिनीचा काही दोष नव्हता, असं सांगून आले. डेपोतले जुने सोबती भेटायला आले तेव्हा त्यांनाही सांगितलं. काही जण म्हणाले, अहो बापाचं काळीज, कुणीबी असंच करील. कारभारींना हे ऐकवत नसे. ते म्हणायचे, पेच आवळताना काळीज नव्हतं तिथं.

पुण्याच्या माणसाला पंचशीलानं फोन करून कळवलं, शेपटाचा आकार बरोबर आहे, बदलू नका. कारण विचारल्यावर तिनं तेही सांगितलं.

घरात ती वडिलांशी कामापुरतं बोलते. दगडाबाई ताट वाढते, समोर बसत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर बायनाबाईच्या अंगणात बांबू येऊन पडले. पंचशीला आणि पवन तिथं काही मोजत, कापत बसतात. पवन खुर्चीवरून सांगतो, ती करते. बायनाबाईला हे आवडत नाही, पण तिनं अडवलं नाही. कारभारींना ओट्यावरून हातोडीचा आवाज ऐकू येतो. ते तिकडे जात नाहीत. त्यांना कुणी बोलावलेलंही नाही.

एक काम मात्र त्यांना मिळालं. पवनला व्यायामासाठी दर मंगळवारी बीडला न्यावं लागतं. एसटीच्या पायऱ्या चढवायला दणकट माणूस लागतो. एका मंगळवारी सकाळी कारभारी कपडे करून बहिणीच्या दारात जाऊन उभे राहिले. बायनाबाई दार लावायला निघाली होती. पवन आतून म्हणाला, येऊ दे त्यान्ला. तेव्हापासून ते जातात. रस्त्यानं दोघे बोलत नाहीत. दवाखान्यात पवन दांड्या धरून पाऊल टाकायला शिकतो. दुसरा पायही आता थोडा उचलतो. कारभारी भिंतीशी उभे राहतात, कुणी हाक मारली तर पुढे होतात.

मागच्या मंगळवारी परतताना मांजरसुंब्याला गाडी बदलायची होती. ढाब्याबाहेरच्या बाकड्यावर दोघे बसले. ऊन उतरत होतं. पवननं कुबड्या बाजूला ठेवल्या आणि समोर बघत विचारलं,

"मामा, तुमी त्या दिशी रस्त्यावर व्हते ना? खालून कसं दिसत व्हतं?"

कारभारींना वाटलं, खोटं सांगावं, काही दिसलं नाही म्हणावं. पण त्यांनी सांगितलं. पांढरे पंख सांगितले, न हलणारे. तू घारीगत वर चढला, म्हणाले. मी तार ढिली केली हे तेवढा येळ मला ध्यानातच न्हाई राहिलं, पवन. मी नुसता बघत उभा राहिलो. मला लई आनंद झालता.

पवन ऐकत होता. त्याचा चेहरा काय म्हणतो ते कारभारींना कळेना.

"मलाबी," तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "मी माफ केलं असं समजू नका."

"न्हाई समजत."

"माफ करता येईल तवा मी सांगीन. न्हाई आलं तर न्हाई."

गाडी आली. आत गर्दी होती. एका बाईनं पवनच्या कुबड्या बघून जागा दिली. कारभारींनी त्याला बसवलं, कुबड्या त्याच्या पायाशी आडव्या लावल्या आणि लिंबागणेश येईपर्यंत त्याच्याजवळ उभे राहिले.